पहिले साठ फूट

प्रिय वहिनी,

तुझं पार्सल परवा पोचलं. स्वेटरच्या बाह्या बोटांच्या पुढे येतात, पण त्या दुमडून मी आत्ता तोच घालून बसलेय. चिमणीनं काढलेलं माझं चित्र क्लिनिकमध्ये टेबलासमोर लावलंय. आत्या लोकांचे कान तपासते, एवढं तुझ्या लेकीला पक्कं कळलेलं दिसतंय, कारण चित्रात मी थोडी आणि कानच जास्त आहेत. काल तपासणीला आलेले एक आजोबा त्या चित्राकडे बराच वेळ बघत होते. मग हळूच म्हणाले, "बाई, असं तपासणीच्या आधी होतं की नंतर?" मला इतकं हसू आलं की बिचाऱ्यांना वाटलं, आपण काहीतरी वावगं बोललो. तिकडची शाळा तिला मानवली, तुलाही नव्या नोकरीत बोलायला दोन माणसं मिळाली, हे वाचून बरं वाटलं. इथून जाताना तू किती वाळली होतीस, ते मीच बघितलंय.

आता ज्यासाठी बसलेय ते. जायच्या आदल्या दिवशी तू स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून उभी होतीस, धुतलेलंच भांडं पुन्हा धूत. तेव्हा म्हणाली होतीस, "त्या गाडीचं काय करायचं ते करा. विका, मोडा. फक्त मला काही सांगू नका." मी हो म्हटलं होतं आणि आजवर फोनवर एकदाही गाडीचं नाव काढलं नाही. आज काढतेय. वाटलं तर इथेच घडी घालून ठेव. चिमणी शाळेत गेली, घरात कुणी नसलं, की मग वाच. पण वाच.

गाडी विकली नाही. वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली, आहे तशीच होती. पाना तिच्याकडे बघायचासुद्धा नाही. दादानं त्याला ठेवलेलं हे नाव आता इतकं चिकटलंय की नवी गिऱ्हाइकंही उंच, काटकुळ्या, मानेत वाकलेल्या त्या माणसाला सरळ "पानाशेठ" म्हणतात. दोघांनी मिळून गिअरबॉक्स दुरुस्तीचं ते वर्कशॉप काढलं, दादा गेल्यावर हा एकटाच ओढतोय. एक दिवस मला फोन करून म्हणाला, "ताई, गाडी उभी राहिली की सडते. ऑटोमॅटिक तर लवकर. आतलं तेल खाली बसतं, रबरं सुकतात. कुणीतरी चालवायला हवी." मी म्हटलं, मग चालव की. त्यावर म्हणाला, "त्या सीटवर मी बसणार नाही. मला जमायचं नाही." मग मी बसले. दादाच्या सीटवर बसल्यावर आरसा माझ्या डोक्यावरून मागचं छत दाखवत होता, तो खाली केला. सीट पुढे घेतली. तेवढं करतानासुद्धा चोरून कुणाचं सामान हलवतेय असं वाटलं.

सुरुवातीला वस्तीतल्या रस्त्यांवरून एक चक्कर, एवढंच. पण पाना म्हणायचा, तेल नीट तापायला गाडी लांब पळायला हवी, म्हणून मग आम्ही त्या जुन्या धावपट्टीवर जायला लागलो. तुला ती जागा माहीत आहे. विमानं कधीच बंद झाली, आता सुट्टीच्या दिवशी सकाळी तिथे गाड्यांच्या शर्यती होतात. दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या करायच्या, खांबावरचे दिवे पिवळे, पिवळे, पिवळे आणि मग हिरवा, आणि सरळ रेषेत जो आधी पोचेल तो जिंकला. दादाची बाटलीसारखी हिरवी, जुनी, लांबलचक गाडी तिथे आली की पोरं हसायची. सगळ्यांच्या गाड्या हातानं गिअर टाकायच्या, ह्याचीच आपली ऑटोमॅटिक. "आजोबांची गाडी आली," म्हणायची. दादा चिडायचा नाही. तो म्हणायचा, शेवटी सगळेच पळतात, शर्यत पहिल्या साठ फुटांत होते. शेवटची दोन वर्षं त्याच्या डोक्यात तेवढंच होतं. गाडी जागची सुटते कशी. तू त्यावरून किती वैतागायचीस! जेवताना समोर ताट, आणि हा टेबलाखाली पायांनी हवेत ब्रेक दाबतोय.

मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पानानं शिकवलं. आधी समजावलं, ते मला फार आवडलं म्हणून तुलाही सांगते. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना धरून नसतात. मधे टॉर्क कन्व्हर्टर नावाचा एक मोठा डबा असतो, आत दोन पंखे समोरासमोर, आणि भोवती तेल. इंजिनाकडचा पंखा फिरतो, तेल ढवळलं जातं, आणि त्या तेलाच्या रेट्यानं पलीकडचा पंखा फिरायला लागतो. एकमेकांना स्पर्श कधीच होत नाही. पानानं उघडलेला डबा हातात देऊन दाखवला. मी विचारलं, मग पलीकडच्याला कळतं कसं, की फिरायचं? तो म्हणाला, "कळतं. जरा उशिरा कळतं, एवढंच." तो उशीर कमी करायचा, हीच सगळी कला. डाव्या पायानं ब्रेक पक्का दाबून धरायचा आणि उजव्यानं अॅक्सिलरेटर हळूहळू द्यायचा. गाडी नाक खाली घालून तटतटते, तेल ताणाखाली येतं, पलीकडचा पंखा जोर करत थांबून राहतो. मग ब्रेक सोडला की उशीर उरत नाही. मात्र फार वेळ धरायचं नाही, तेल जळतं. फार जोरही द्यायचा नाही, मागची चाकं घसरतात. चाकांतली हवा थोडी कमी करायची, आधी पाण्यात जागच्या जागी फिरवून रबर तापवून घ्यायचं. आणि हिरव्याची वाट बघायची नाही. हिरवा दिसला म्हणजे उशीर झालेलाच असतो. शेवटच्या पिवळ्याला पाय उचलायचा.

हे शेवटचं मला जमेना. माझं सगळं आयुष्य वाट बघण्यात गेलंय. त्या जाड दाराच्या, मऊ भिंतींच्या खोलीत माणसाच्या कानावर हेडफोन लावायचे, बारीक आवाज सोडायचा, आणि त्यानं बटण दाबेपर्यंत काचेबाहेर बसून राहायचं. पाना वैतागून म्हणायचा, "ताई, दिवा बघून मग विचार करून मग घरी विचारून पाय उचलताय!" पण हळूहळू सुधारले. काट्याकडे बघायची गरज उरली नाही, इंजिनाचा सूर कानाला कळायला लागला. एका ठरावीक सुरावर चढवलं की गाडी बरोब्बर ताणात यायची. आणि वहिनी, त्या सुरावर एक चमत्कारिक गोष्ट व्हायची. बाहेर केवढा गोंगाट, पण गाडीच्या आत सगळे आवाज बसल्यासारखे व्हायचे. माझ्या त्या क्लिनिकमधल्या खोलीचं दार लावल्यावर जसं होतं, अगदी तसं. कान आतून दाबले जातात आणि आपण एकटे नाही असं वाटतं, कारण काचेबाहेर कुणीतरी बसलेलं असतं. इथे फरक एवढाच, की आत मी होते.

मी हे सगळं करत का राहिले, असं तू विचारशील. मला तेव्हा विचारलं असतंस तर सांगता आलं नसतं. सुट्टीची सकाळ झाली की पाय तिकडे वळायचे, एवढंच. आधी नुसती गाडी पळवायला म्हणून, मग पानानं नाव घातलं म्हणून. धावपट्टीवर दोन मार्गिका आहेत. मी नेहमी उजवीतून पळायचे. डावी आली तर पाना जाऊन आयोजकांशी काहीतरी बोलायचा आणि मला उजवी मिळायची. यावर आमच्यात कधी एक शब्द झाला नाही.

दादा डावीत गेला हे तुला ठाऊक आहे, पण कसं झालं ते तू कधी विचारलं नाहीस. मी तिथे होते. ऊन चांगलं वर आलेलं, वारा अजिबात नव्हता. दादा रेषेवर आला, गाडीनं नाक खाली घातलं, दिवे लागले. शेजारची गाडी गेली. ह्याची तिथेच. हिरवा दिवा तसाच. लोक ओरडायला लागले, आजोबा झोपले म्हणून. मीही हसले, वहिनी. वाटलं, गिअर अडकला. मग पाना धावला, त्याच्या मागे मी. दादा पट्ट्यांमध्ये ताठ बसलेला, हेल्मेटची काच वर, नजर समोर. उजवा पाय बाजूला पडला होता. डावा ब्रेकवर होता, पुरता दाबलेला. गाडी गिअरमध्ये होती, इंजिन चालू, आणि ती सारखी बारीक बारीक पुढे ओढत होती. पानानं गिअरचा लिव्हर न्यूट्रलला घेतला, चावी फिरवली, मग शांत झाली. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं, क्षणात झालं असणार, कळलंही नसणार. पण तो पाय ब्रेकवरून काढायला दोन माणसं लागली.

आता जे सांगणार आहे, ते पानाशिवाय कुणाला माहीत नाही. साधारण चार-पाच शर्यतींनंतरची गोष्ट. मी उजव्या मार्गिकेत, गाडी ताणात, ती आतली शांतता, समोर पहिला पिवळा. मी शेवटच्या पिवळ्याची वाट बघत होते. आणि पायाखालून ब्रेक गेला. मी उचलला नव्हता, वहिनी. माझ्या डोक्यात अजून दुसरा पिवळा चालू होता. गाडी अशी सुटली की मान मागे आदळली, आणि मी ओरडले, कारण मला वाटलं ब्रेक तुटला. पलीकडे जाऊन थांबवली, तर ब्रेक ठणठणीत. पाना हसत हसत आला. "ताई! आज काय खाऊन आलात?" म्हणाला. पहिले साठ फूट मी त्याआधी कधीच इतक्या लवकर ओलांडले नव्हते. मी म्हटलं, मी काही केलं नाही, पॅडल आपोआप सुटलं. त्याचं हसू गेलं. त्यानं त्याच दिवशी सगळं खोलून पाहिलं. पॅडल, तेलाच्या नळ्या, मागचे डिस्क. काहीच नाही. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याला पुन्हा.

मी स्वतःची समजूत घातली. आमच्या तपासणीच्या खोलीत हे रोज बघते मी. वाट बघणारा माणूस आवाज नसतानाही बटण दाबतो, आणि शपथेवर सांगतो की ऐकू आलं. तसंच माझा पाय आधीच सुटत असणार, आणि मला कळत नसणार. पानाला म्हटलं, पायांशी एक छोटा कॅमेरा लाव, बघू काय होतं ते. त्यानं डॅशबोर्डच्या खाली लावला. सकाळी पळाले, दुपारी आम्ही वर्कशॉपमध्ये बसून पाहिलं. बाहेर पोरं टायर ठोकत होती, शेजारच्या दुकानातला रेडिओ चालू होता, सगळं रोजचंच. पडद्यावर माझे पाय. माझे बूट, माझी जीन्स. इंजिनाचा सूर चढला. आणि मग डावा पाय सुटला. बरोबर वेळेवर. पण उचलला गेला नाही. टाच जमिनीला टेकलेली राहिली, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं आणि पॅडलच्या कडेवरून सरकून खाली आलं. पानानं ते परत लावलं. मग तिसऱ्यांदा. मग पडदा बंद केला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

भिंतीवरून पडल्यापासून दादाचा डावा घोटा वर वाकत नव्हता, हे तुला मी काय सांगायचं. तो जिना कसा उतरायचा ते तू रोज ऐकलंयस. त्याला पाय उचलताच यायचा नाही, म्हणून तो बाजूला सरकवायचा. ते सरकवणं मला माहीत नव्हतं. गाडीत त्याचे पाय बघायला मी कशाला वाकले असते? पानाला माहीत होतं. त्यानं मला सरळ उचलायला शिकवलं होतं, कारण माझा घोटा चांगला आहे.

तेव्हाच थांबायला हवं होतं असं तू म्हणशील. मी थांबलेच होते. दोन-तीन आठवडे तिकडे फिरकले नाही. पण मग क्लिनिकमध्ये सुरू झालं. एक बाई आत बसलेल्या, हेडफोन लावून, डोळे मिटून. मी बाहेर बसून आवाज सोडणार, तेवढ्यात जाणवलं की माझा डावा पाय टेबलाखाली फरशी दाबतोय. सगळा जोर लावून, मांडी थरथरेपर्यंत. मी आवाज सोडला, बाईंनी बटण दाबलं, आणि पाऊल आपसूक बाहेर वळून सरकलं. मी खाली बघत बसले. पुढचा आवाज सोडायला विसरलेच, बाईंनी काचेतून हात हलवला तेव्हा भान आलं. मग रोजच व्हायला लागलं. सिग्नलला रिक्षात मागे बसलेली असताना. दूध उतू जायची वाट बघत उभी असताना. कुणीतरी माझ्या आत रेषेवर उभं राहून वाट बघतंय, आणि मी त्याला जाऊ देत नाहीये, असं वाटायचं. भीती वाटायची का? वाटायची. पण वहिनी, खरं सांगू, त्याहून जास्त दया यायची. एवढा वेळ तो पाय दाबून धरायचा म्हणजे किती दमत असेल.

मोसमातली शेवटची शर्यत गेल्या महिन्यात झाली. मी पानाला सांगितलं, मला जायचंय, आणि डावी मार्गिका हवीय. तो म्हणाला, "नको." मग म्हणाला, "बरं." मग गाडीची चारी चाकं त्यानं स्वतः धुतली, चाकांतली हवा मोजली, माझे पट्टे स्वतः आवळले. "काही वाटलं तर लिव्हर न्यूट्रलला घ्या आणि हात वर करा. मी इथेच आहे," म्हणाला. दिवस अगदी लख्ख होता. कसली सावली नाही, ढग नाही. एवढ्या उजेडात असं काही होईल असं कुणालाही वाटलं नसतं.

मी रेषेवर गेले. ब्रेक दाबला, सूर चढवला, गाडीनं नाक खाली घातलं. आत सगळं शांत झालं. पिवळा, पिवळा, पिवळा. मी मनाशी ठरवलं होतं की या खेपेला आपण मधे यायचं नाही, पाय त्याचा त्याला सोडू द्यायचा. पण सुटला नाही. हिरवा लागला. शेजारची गाडी गेली. मी पाय काढायला गेले, आणि तो निघेना. दगड बांधल्यासारखा. गुडघ्याखाली तो माझा उरलाच नव्हता. गाडी थरथरत होती, पुढे ओढत होती, तेलाचा जळका वास यायला लागला. बाहेर लोक ओरडत होते, काय ते ऐकू येत नव्हतं, पण तोंडं हलताना दिसत होती. आणि मला कळलं, हे काय चाललंय ते. हे माझं नाही. हे दादाचं तेव्हाचं आहे. त्याला क्षणात काही झालं नव्हतं, वहिनी. त्याला कळलं होतं. गाडी सुटली तर समोर कुणीही असेल, म्हणून त्यानं होतं नव्हतं ते सगळं त्या एका पायात घातलं होतं. पाना बाजूनं धावत येताना दिसला. मी हात वर केला नाही. मी फक्त मोठ्यानं, बावळटासारखं म्हटलं, "दादा, समोर कुणी नाहीये. रस्ता मोकळा आहे. जा तू."

तेव्हा हेल्मेटच्या आत, डाव्या कानाशी, एक शब्द आला. एकच. ओरडून नाही, कुजबुजून नाही. घरातल्या घरात, एका खोलीतून दुसरीत, रोज मारावी तशी हाक. आणि पाऊल बाहेर वळलं, सरकलं, आणि गाडी सुटली. तशी ती कधीच सुटली नव्हती. चाकं घसरली नाहीत, नाक वर आलं आणि ती निघाली. शेजारी कुणी नव्हतं, जिंकण्याहरण्याचं काही नव्हतं, आख्खी धावपट्टी रिकामी होती. मी शेवटपर्यंत गेले. पलीकडे थांबून इंजिन बंद केलं तेव्हा डाव्या पायात मुंग्या आलेल्या, जशा खूप वेळ मांडी घालून बसल्यावर येतात. पाना धापा टाकत पोचला, तेव्हा मी गाडीबाहेर उभी राहून पाय झटकत होते. त्यानं मला धरलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कुणाला हाक मारलीत?" मी म्हटलं, मी नाही मारली. तो म्हणाला, "मी काचेशी होतो ताई. तुमचं तोंड हललं. मी ऐकलं."

कॅमेरा चालू होता. त्यात चित्र फक्त पायांचं आहे, पण आवाज सगळा आहे. ते रेकॉर्डिंग मी आमच्या जाड दाराच्या खोलीत बसून हेडफोन लावून ऐकलं. इंजिन, इंजिन, माझं ते बावळट वाक्य, आणि मग तो शब्द. आवाज माझा आहे, वहिनी. गळा माझा. पण मी तसं बोलत नाही. तो हेल काढून, शेवटचं अक्षर जरा लांबवून म्हणायची माझी तऱ्हाच नाही. आणि तो शब्द मी आयुष्यात कधी उच्चारलेला नाही. नावासारखा आहे, पण अशा नावाचं आमच्या ओळखीत कुणी नाही. पानालाही ठाऊक नाही. मी माझ्या सहकारी बाईंकडून स्वतःचे कान तपासून घेतले. उत्तम आहेत म्हणाल्या. त्या दिवसापासून पाय माझा आहे. क्लिनिकमध्ये, रिक्षात, दुधापाशी, कुठे काही होत नाही. परवा पानाच्या आग्रहावरून गाडी पुन्हा पळवली, तर पुन्हा पहिल्यासारखी, दिवा बघून विचार करून घरी विचारून. पाना खूप हसला. खूप दिवसांनी हसला. आता तो स्वतः त्या सीटवर बसतो.

एवढं सगळं तुला का लिहिलं, ते आता सांगते. दादा गेल्यानंतरच्या दिवसांत तू कुणाशी फार बोलली नाहीस. एकदाच, चिमणीचे केस विंचरता विंचरता, कुणाकडेही न बघता म्हणालीस, "रोज दारातून मला हाक मारून जायचा, त्या दिवशी मी अबोला धरला होता म्हणून तसाच गेला." काय हाक, ते तू सांगितलं नाहीस, आणि कुणी विचारावं असं ते नव्हतंच. आज मी विचारतेय. आजूबाजूला कुणी नसताना तो तुला ज्या नावानं हाक मारायचा, तो एक शब्द कागदावर लिही आणि मला पाठव. मी ऐकलेला शब्द या पत्रात मुद्दामच लिहिला नाही. शब्द ऐकायची तपासणी करताना तो समोरच्याला आधी कळू द्यायचा नसतो, नाहीतर माणूस तेच ऐकतो जे त्याला ऐकायचं असतं. तो जुळला नाही, तर मी भरपूर झोप काढीन, डॉक्टरांना भेटीन, आणि तू हे पत्र फाडून टाक. मला राग येणार नाही. पण जुळला, तर ती हाक माझी नाही. मी ते रेकॉर्डिंग घेऊन स्वतः तुझ्याकडे येईन, तुझ्या हातात देईन आणि दार लावून बाहेर बसेन. तो तसाच गेला, असं मनाला लावून घेऊ नकोस. हाक मारूनच गेला असेल. ती तुझ्यापर्यंत पोचायला फक्त एवढे दिवस लागले.

तुझ्या एका शब्दाची वाट बघणारी,
तुझीच धाकटी नणंद